चिकन नावाचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘गावांची नावं’ या विषयावर बोलाल का, असं आकाशवाणीच्या मंडळींनी विचारलं तेव्हा मी लगेच होकार दिला. नावं हा माझ्या आवडीचा विषय. शीवचं सायन कसं झालं एवढं सांगितलं तरी निम्मा वेळ जाईल, असा माझा हिशेब होता. पण टिपणं काढायला बसलो आणि दूरच्या एका गावाने मला असं धरून ठेवलं की आपली गावं राहूनच गेली. त्या गावाला मी गेलेलो नाही, आणि या वयात जाईन असंही वाटत नाही.

गावाचं नाव चिकन. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलो होतो. अमेरिकेच्या अलास्का राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, ६४ अक्षांशावर ते वसलं आहे. २००० सालच्या जनगणनेत तिथे १७ माणसं होती, २०१० मध्ये ७ आणि २०२० मध्ये १२. आमच्या इमारतीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहतात. गावाला विजेच्या तारा नाहीत, नळ नाहीत. ज्याचं त्याचं जनित्र आणि ज्याचं त्याचं पाणी. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांपर्यंत उतरतो. गावातून जाणारा टेलर हायवे ऑक्टोबरच्या सुमाराला बर्फामुळे बंद होतो तो वसंत ऋतू आल्यावर उघडतो. जवळचं बाजाराचं गाव सव्वाशे किलोमीटरवर. त्याचं नाव टोक. होय, उच्चारही तसाच. मराठी माणसाने नकाशात बोट ठेवून दिलं असावं, इतकं ते नाव चपखल बसलंय.

आता चिकन हे नाव कसं पडलं त्याची गोष्ट. सोनं शोधायला आलेल्या लोकांची ही वस्ती. त्या मुलखात टार्मिगन नावाचा पक्षी पुष्कळ. वस्तीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की टार्मिगनच ठेवू. पण इंग्रजीत या नावाच्या आरंभी एक ‘पी’ असतो, जो लिहायचा पण म्हणायचा नाही. त्या अडाणी खाणकाम्यांचं स्पेलिंगवर एकमत होईना. चुकीचं लिहिलं तर जगात हसं होईल, म्हणून कुणीतरी म्हणालं, सरळ चिकन लिहा. ते तरी सगळ्यांना येतं. गावाला पोस्ट ऑफिस मिळालं १९०३ साली, आणि तेव्हापासून शिक्क्यावर हेच नाव आहे.

एका कविसंमेलनाचं सूत्रसंचालन करताना मी ही गोष्ट सांगितली होती. चांगला हशा पिकला. त्यानंतर मात्र ती मला टोचायला लागली. का टोचली ते सांगतो. पण त्याआधी ते लोक तिथे काय करत होते ते सांगायला हवं, कारण त्यांना अडाणी म्हणणं किती सोपं आणि किती चुकीचं आहे ते त्यातून कळतं.

सोन्याची झुंबड म्हटलं की सगळ्यांना क्लोंडाइक आठवतं. पण क्लोंडाइकच्या दहा वर्षं आधी, १८८६ मध्ये, फॉर्टीमाइल नावाच्या नदीत जाड कणांचं सोनं सापडलं होतं. नदीचं नावही गंमतीचं. फोर्ट रिलायन्स नावाचं व्यापाऱ्यांचं एक ठाणं होतं, तिथून साधारण ४० मैल खाली ही नदी युकॉनला मिळते, म्हणून फॉर्टीमाइल. वरच्या अंगाला आणखी एक नदी आहे, तिचं नाव सिक्स्टीमाइल. नदीला नाव देताना मैलाचा दगड रोवल्यासारखं नाव देणारी ही मंडळी. त्या फॉर्टीमाइलला मिळणाऱ्या ओढ्यांपैकी एक चिकन क्रीक. तिथे १८९६ मध्ये सोनं सापडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लोंडाइकची बातमी फुटली आणि फॉर्टीमाइलच्या मुखाशी असलेलं गाव रात्रीतून ओस पडावं तसं पडलं. सगळे पळाले तिकडे. तरी थोडे लोक चिकन क्रीकवर टिकून राहिले.

हे सोनं खडकाच्या शिरेत नसून गाळात असतं. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत, तत्त्व तेच. सोनं जड, म्हणून ते तळाशी बसतं. अडचण अशी की तिथली जमीन बारमाही गोठलेली. वर शेवाळ, खाली काळा गोठलेला चिखल, त्याखाली गोट्यांचा थर आणि त्या थराच्या बुडाशी, पक्क्या खडकावर, सोनं. कुदळ मारली तर दगडावर मारल्यासारखी परत येते. उन्हाळ्यात वरची जमीन सैल होते खरी, पण मग खड्ड्यात पाणी भरतं आणि कडा ढासळतात. म्हणून या लोकांनी उलटा हिशेब मांडला. खोदायचं हिवाळ्यात.

रात्री लाकडं पेटवून द्यायची. सकाळपर्यंत हातभर जमीन वितळते. राख काढायची, वितळलेली माती काढायची, पुन्हा लाकडं, पुन्हा आग. असं करत खडकापर्यंत उभी विहीर न्यायची. तळाशी पोचल्यावर गोट्यांच्या थरातून आडवं जायचं, तिथेही आगच. वर एक जण रहाट फिरवून बादली ओढतो, खाली दुसरा धुरात डोळे चोळत भरतो. भिंतींना लाकडाचा आधारही फारसा लागत नाही, कारण गोठलेली जमीनच भिंत होऊन उभी राहते. महिन्यांमागून महिने असा ढीग घालायचा. त्या ढिगात आपल्या नशिबात काय आहे हे वसंतापर्यंत नीटसं कळत नाही. बर्फ वितळून ओढ्याला पाणी आलं की लाकडी पन्हळीत, जिच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, ढीग धुवायचा. हलकी माती वाहून जाते, पट्ट्यांच्या मागे सोनं राहतं. किंवा राहत नाही. पुढे लाकडांऐवजी वाफेच्या नळ्या जमिनीत ठोकून ती वितळवू लागले. काम सुधारलं, पण नळीतल्या वाफेसाठी बॉयलरला पुन्हा लाकडंच. आसपासची झाडं या आगीत गेली.

खोदताना निराळ्या वस्तूही वर येत. शेजारच्या ‘लॉस्ट चिकन’ नावाच्या ओढ्याच्या गाळात मॅमथची, घोड्यांची, रानरेड्यांसारख्या बायसनची हिमयुगातली हाडं मिळाली आहेत. हे काम करणाऱ्याला शिकलेला म्हणायचं की अडाणी?

आता तो पक्षी. टार्मिगन आपल्या तित्तिराच्या कुळातला. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढराशुभ्र, पायांच्या बोटांपर्यंत पिसं. बर्फात खड्डा करून झोपतो. इतर पक्षी दक्षिणेला गेले तरी हा सहसा तो मुलूख सोडत नाही. उन्हाळ्यात आगबोटीने आलेलं पीठ, डाळ, डुकराचं खारवलेलं मांस संपत आलं की ताजं मांस म्हणजे हाच. आणि उत्तरेकडच्या त्या लोकांच्या बोलीत अशा रानपक्ष्यांना सरसकट चिकनच म्हणत. हे लक्षात घेतलं की गोष्टीचा पायाच हलतो. ओढ्याचं नाव आधी पडलं, पोस्ट ऑफिस काही वर्षांनी आलं. सभा, वादावादी, फसलेलं स्पेलिंग यांची गरजच नाही. ज्याला ते रोज चिकन म्हणत होते त्याला त्यांनी चिकन म्हटलं, एवढंच.

याहून मोठी गंमत पुढे आहे. तो न उच्चारायचा ‘पी’ मुळात चूक आहे. हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, ‘तारमखन’च्या जवळपास उच्चारला जाणारा. त्यात ‘पी’ नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका स्कॉटिश पंडिताने, रॉबर्ट सिबॉल्ड त्याचं नाव, हा शब्द ग्रीक असावा अशा समजुतीने त्याला पुढे ‘पी’ जोडला. ग्रीकमध्ये पंखाला ‘टेरॉन’ म्हणतात, त्याच्या आधी असा ‘पी’ असतो. टेरोडॅक्टिलच्या आधी असतो तसा. विद्वानाने केलेली चूक, म्हणून ती शब्दकोशात जाऊन बसली. आणि ती चूक ज्यांना पाठ नव्हती ते अडाणी ठरले! आपल्या देवनागरीत हा प्रश्नच येत नाही. जसं ऐकू येतं तसं टार्मिगन लिहिलं की झालं.

म्हणजे देवनागरीत सगळं सोपं आहे असं नाही. आमच्या घरी बोलायची भाषा दखनी, गल्लीत आणि शाळेत मराठी. मी विसाव्या वर्षी एका मासिकाला पाच कविता पाठवल्या. त्या साभार परत आल्या, त्याचं दुःख नाही. कागदांवर लाल शाईने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘आपली मातृभाषा मराठी नसल्याने हे होणारच.’ त्यातल्या काही चुका माझ्या होत्या, कबूल. पण दोन ठिकाणी माझं बरोबर होतं आणि लाल शाई चुकली होती. मी कोश काढून खात्री केली होती. पत्र लिहून कळवलं मात्र नाही. एकेचाळीस वर्षांच्या माझ्या कोशाची पाठ आता निघाली आहे, पण त्या दोन शब्दांखालच्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. म्हणून ती कविसंमेलनातली गोष्ट टोचली.

चिकनच्या इतिहासात दुसराही एक ‘चुकीचा’ शब्द आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा. तो शब्द म्हणजे ‘टिशा’.

१९२७ साली ॲन हॉब्ज नावाची तरुण शिक्षिका चिकनच्या शाळेवर आली. युकॉन नदीकाठच्या ईगल गावाहून घोड्यांच्या तांड्याबरोबर डोंगर तुडवत आली. तिथल्या आदिवासींच्या तोंडी टीचरचं झालं टिशा. पुढे १९७६ मध्ये रॉबर्ट स्पेक्ट या लेखकाने तिच्या सांगण्यावरून तिची कहाणी लिहिली, तिचं नावही ‘टिशा’. पुस्तक खूप वाचलं गेलं. ते कादंबरीच्या अंगाने लिहिलंय, संवाद रंगवलेले आहेत, तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द कागदपत्रासारखा धरू नये. पण त्यातला पेच खरा आहे, कारण तो कायद्यातच लिहिलेला होता. अलास्कातल्या शाळांसाठी १९०५ मध्ये अमेरिकन संसदेने नेल्सन कायदा केला. त्याप्रमाणे तिथल्या सार्वजनिक शाळा गोऱ्या मुलांसाठी, आणि मिश्र रक्ताच्या अशा मुलांसाठी, जी ‘सुसंस्कृत जीवन’ जगतात. आदिवासी मुलांची सोय वेगळी. आता एखादं मूल सुसंस्कृत जगतं की नाही हे ठरवायचं कुणी? गावानेच.

चिकनच्या गावाने ठरवलं. मिश्र रक्ताचा एक मुलगा ॲनच्या वर्गात येऊन बसला तेव्हा पालकांनी नाकं मुरडली. त्याच्या आदिवासी आईचा मृत्यू झाल्यावर ॲनने त्याला आणि त्याच्या बहिणीला स्वतःच्या घरी आणलं, तेव्हा ती मुलं तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न झाला. आणि तिचं मन जडलं ते फ्रेड पर्डीवर. फ्रेडचा बाप गोरा, आई एस्किमो. इतके दिवस गावाला आवडणारा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा हा मुलगा, पण मास्तरीणबाईंशी त्याचं लग्न? तिथे गावाची पंगत मोडली. हे सगळं शून्याखाली चाळीस अंशांत, जिथे शेजाऱ्याच्या चुलीवाचून माणूस जगत नाही, अशा ठिकाणी चाललं होतं. माणसं मोजकी असली की भेद कमी होतात असं मला तरुणपणी वाटायचं. चिकन वाचल्यापासून वाटत नाही.

दोघांचं लग्न पुढे झालं. त्यांनी अनेक मुलं दत्तक घेतली, सांभाळली. ॲन पर्डीने त्या भागात बरीच वर्षं शिकवलं. अलास्कात वंशभेदाविरुद्धचा कायदा झाला १९४५ मध्ये. ज्या जुन्या लाकडी इमारतीत तिची शाळा भरायची ती अजून उभी आहे. जुन्या चिकनमधल्या त्या घरांची २००१ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. उन्हाळ्यात प्रवासी येतात, ‘टिशाची शाळा’ म्हणून तिचे फोटो काढतात. ज्या उच्चाराला शाळेच्या आत जागा देताना खळखळ झाली, तोच आता इमारतीचं नाव झाला आहे.

पण मग ज्यांनी तो उच्चार केला त्यांचं काय? चिकनची गंमतगोष्ट खाणकाम्यांपासून सुरू होते, जणू त्याआधी तिथे फक्त पक्षी होते. तसं नव्हतं. हा सगळा अथाबास्कन आदिवासींचा मुलूख. युकॉनच्या बाजूला हान लोकांचा. चिकनपासून फार दूर नसलेलं केचमस्टक हे त्यांचं गाव. ते कॅरिबूंच्या, म्हणजे रेनडिअरच्या रानटी भाऊबंदांच्या वाटेवर होतं. केचमस्टकच्या लोकांनी झाडांचे ओंडके आणि फांद्या रचून मैलोन्‌मैल कुंपणं घातली होती. कळप कुंपणाच्या कडेने चालत जायचा आणि ठरावीक फटीत फासात अडकायचा. बंदूक नाही, आरडाओरडा नाही. जनावराची सवय ओळखून केलेलं काम. खाणकाम्यांच्या पन्हळीइतकीच ही कुंपणंही मला शहाणपणाची वाटतात. १९२० मध्ये ओलाउस म्युरी या निसर्गअभ्यासकाने फॉर्टीमाइलच्या कॅरिबूंचा अंदाज पाच लाखांच्या वर केला होता. १९७०च्या दशकात ते सहा-सात हजारांवर आले. हवामान, शिकार, लांडगे, वणवे, अशी कारणांची यादी मोठी आहे. नंतर कळप पुन्हा वाढला, मग पुन्हा घटला. केचमस्टक मात्र पुन्हा वसलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ते रिकामं झालेलं होतं. त्याच्या नावावर कुणी विनोद केला नाही, म्हणून ते कुणाला ठाऊकही नाही.

सरहद्दीपलीकडे, क्लोंडाइक जिथे युकॉनला मिळते तिथल्या हान लोकांचा प्रमुख होता आयझॅक. हजारो सोनंशोधे येऊन त्याच्या माणसांचं मासेमारीचं ठिकाण व्यापून बसले. १८९७ मध्ये तो आपली माणसं घेऊन नदीकाठी थोडं खाली मूसहाइडला गेला. पण त्याला खरी काळजी होती गाण्यांची. या गर्दीत आपली मुलं गाणी विसरतील हे त्याने ओळखलं. मग त्याने ती गाणी, ते नाच आणि नाचात धरायची काठी अलास्कातल्या आपल्या सोयऱ्यांकडे ठेवायला दिली. सोनंनाणं कुणाकडे विश्वासाने ठेवावं तशी. सोयऱ्यांनी ती सांभाळली, गात राहिले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस आयझॅकच्या वंशजांना ती परत शिकवली. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. कवितेचा कागद फडताळात ठेवणारे आपण. गाणं ठेवायचं तर ते गाणाऱ्या माणसातच ठेवावं लागतं.

हान भाषा उत्तम बोलणारी माणसं आता अगदी थोडी उरली आहेत. मात्र २०२३ मध्ये युनेस्कोने क्लोंडाइकचा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, तेव्हा फॉर्टीमाइलच्या मुखाशी असलेल्या त्या जुन्या गावाची नोंद आधी हान नावाने झाली, मग इंग्रजी नावाने. चिकन क्रीकला जुन्या भाषेत काय म्हणत असतील, हे मी बरंच शोधलं. प्रवाशांसाठीच्या कुठल्याही माहितीत ते मला दिसलं नाही.

उरलेली हकिगत थोडक्यात सांगतो. हाताने सोनं काढायचे दिवस सरले, तसं चिकनही रोडावलं. मग फेअरबँक्सच्या मोठ्या कंपनीने तिथल्या जमिनी घेतल्या आणि १९५९ मध्ये आपलं एक ड्रेज, म्हणजे पाण्यावर तरंगणारं, बादल्यांच्या साखळीने गाळ उपसून पोटातच धुणारं यंत्र, सुटं करून रस्त्याने चिकनला आणलं. स्वतःच्या पुढे तळं खोदत आणि मागे दगडांच्या राशी टाकत ते १९६७ पर्यंत चाललं. जुनं गाव कामगारांची छावणी झालं. सोन्याचा भाव सरकारने १९३४ पासून औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला आणि मजुरी, तेल दरवर्षी महाग. यंत्र थांबणारच होतं. ते पडूनच राहिलं. १९९८ मध्ये ते मैलभर ओढून आणून प्रवाशांसाठी उभं केलं.

आता गावात एक बार, एक खानावळ, एक दुकान अशी रांग आहे. उन्हाळ्यात कोंबडीचं चित्र असलेले शर्ट विकतात, प्रवाशांना तबकात माती धुवायला देतात, जूनमध्ये ‘चिकनस्टॉक’ नावाचा गाण्यांचा मेळा भरतो. स्पेलिंगची गोष्ट सगळ्यांना सांगतात. सांगू देत. त्यावर त्यांची पोटं आहेत.

मग रस्ता बंद होतो. मेळ्याची माणसं, शर्ट, गोष्ट सगळं टोकच्या दिशेने निघून जातं. उरलेल्या मूठभर लोकांसाठी हवा बरी असेल तर आठवड्यातून दोनदा टपालाचं छोटं विमान उतरतं. पोस्टाची खोली उघडते. थैली रिकामी होते, दुसरी भरली जाते, आणि जाणाऱ्या पत्रांवर शिक्का बसतो: चिकन, अलास्का. बाहेर ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झुडपांत पांढरे टार्मिगन बर्फात बसलेले असतात.